मंगळवारी पेटलेली चूल

मी घाबरले की रडत नाही, भांडते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अक्का म्हणते, "हिचा आवाज चढला की समजावं, हिच्या पोटात गोळा आलाय." अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. नव्वदच्या दशकातल्या एका आठवड्यात तिच्यापायी मी निम्म्या बंगळूरशी भांडले. आजही त्या हॉस्पिटलवरून बस जायला लागली की मी मान दुसऱ्या बाजूला वळवते आणि शेजारच्या बाईशी उगाच काहीतरी बोलायला लागते.

अक्का दुसऱ्या बाळंतपणासाठी हुबळीहून माहेरी आली होती. पहिली मुलगी सुखरूप झालेली, त्यामुळे या वेळी कुणाला काही वाटलं नव्हतं. आठवा महिना सरताना तपासणीत निघालं की वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली आली आहे, बाळाची वाट अडवून बसली आहे. डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि डॉक्टर इतके शांत बोलायला लागले की माझा आवाज चढायला लागतो. त्या म्हणाल्या, गुरुवारी ऑपरेशन करून बाळ काढू, तोवर हिनं अंथरुणातून उठायचं नाही. अशा वेळी रक्तस्राव होऊ शकतो. हिचं रक्त ओ निगेटिव्ह, सहज मिळणारं नाही. तेव्हा घरात हा गट कुणाचा असेल तर मंगळवारीच खालच्या रक्तपेढीत पाठवा.

"गुरुवारी सकाळी आणलं तर?" अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं.

"गुरुवारी नको. घेतलेलं रक्त तपासावं लागतं. मंगळवारी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

आमची मंडळी तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आली म्हणतात. फौज परत गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि लग्नं मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपसातच, मामाची मुलगी आत्याच्या मुलाला. त्यामुळे की काय, तो दुर्मीळ गट आमच्या घरात एकदम तिघांचा निघाला: अप्पांचा, काकांचा आणि काकांच्या मुलाचा. त्याला मी अण्णा म्हणते. माझं रक्त आईच्या वळणावर गेलेलं, बी पॉझिटिव्ह. म्हणजे मी सुटले. सुई पाहिली की मला घेरी येते, त्यामुळे मला मनापासून बरं वाटलं आणि ते मी बोलूनही दाखवलं. आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

घरातली खरी कर्ती माणूस म्हणजे आत्या. अप्पांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि आम्हा सगळ्यांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. तिचा देवीचा मंगळवार असे. त्या दिवशी घरात चूलच पेटायची नाही. आम्ही बाकीचे केळी, चुरमुरे, बेकरीतला पाव असं काहीबाही खायचो. ती मात्र संध्याकाळी दिवा लागेपर्यंत पाण्यालाही शिवत नसे.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून आल्यावर आत्या बराच वेळ देवघरापुढे बसली. मग बाहेर येऊन म्हणाली, "पोरीच्या जिवावर बेतलंय. येता मंगळवार सगळ्या घरानं निर्जळी धरायचा. एकटीनं मागण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागू."

कुणी नाही म्हटलं नाही. का म्हणावं? आम्ही सगळेच भ्यालो होतो आणि करण्यासारखं काहीतरी मिळालं म्हणून उलट बरं वाटलं. मंगळवारी रक्तही द्यायचं आहे, हे दोन मंगळवार एकच आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट काका म्हणाले, शुद्ध होऊन दिलेलं रक्त पोरीला जास्त लाभेल.

तर मंगळवारी सकाळी तिघंही इस्त्रीचे शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून, लग्नाला निघाल्यासारखे निघाले. मी सोबतीला गेले. रक्तपेढीचे डॉक्टर उंच, हडकुळे, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी वय विचारलं, वजन केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि मग विचारलं, "नाश्ता काय केला?"

"काही नाही सर," काका छाती काढून म्हणाले. "तिघांनीही पाण्याचा थेंब घेतलेला नाही."

त्यांना वाटलं होतं शाबासकी मिळेल. डॉक्टरांनी पट्टा सोडला.

"उपाशी माणसाचं रक्त मी घेत नाही. इथं चक्कर येऊन पडलात तर तुमच्याही डोक्याला टाके घालावे लागतील. समोर हॉटेल आहे. इडली खा, भरपूर पाणी प्या, तासाभरानं या."

हॉटेल खरंच समोर होतं. सांबाराचा वास रस्त्यावर येत होता. आम्ही चौघं त्याच्या दारात उभे राहिलो आणि तिथून पुढे कुणाचा पाय उचलेना.

"खा की आता!" मी म्हटलं. "डॉक्टर सांगतायत ना!"

अप्पा काकांकडे बघत होते, काका अण्णाकडे. शेवटी अण्णा हळू आवाजात म्हणाला, "अक्कासाठीच धरलाय ना मंगळवार? तो मोडला आणि तिलाच काही झालं तर?"

हट्टानं बोलला असता तर मी त्याला सोलून काढलं असतं. पण तो हट्ट नव्हता. तिघंही नुसते भ्यालेले होते, आणि तीच भीती माझ्याही पोटात होती. काका म्हणाले, "तू खातेस? तू आधी खा." मी तरातरा आत गेले, टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला. तोंडापर्यंत नेला. मग तसाच खाली ठेवून बाहेर आले.

"उद्या येऊ," अप्पा म्हणाले. "उद्या सकाळी जेवूनच येऊ. गुरुवारला अजून वेळ आहे."

सरी, सरी, ठीक आहे, असं म्हणत आम्ही घरी आलो. संध्याकाळी दिवा लागल्यावर उपास सुटला. अक्कानं पडल्यापडल्या विचारलं, "झालं का रक्त देऊन?" अप्पा म्हणाले, "उद्या."

बुधवारी सकाळी आत्या तिघांसाठी पोहे परतत होती. अक्का परसाकडे जायला म्हणून उठली होती. तिनं मला हाक मारली. ओरडून नाही, अगदी खालच्या आवाजात, शेजारी कुणी झोपलं असताना मारावी तशी. आमच्या घरातली जमीन तांबडी, जुन्या बंगळूरच्या घरांत असते तशी घोटलेली. त्यामुळे पहिल्यांदा मला नुसतं ओलं दिसलं. वाटलं, पाण्याचा तांब्या सांडला. मग तिच्या पांढऱ्या परकराकडे पाहिलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आत्याच्या हातातला झारा खाली पडल्याचा आवाज आठवतो. रिक्षात अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती परत परत विचारत होती, "बाळ हलतंय का बघ गं." मी तिच्या पोटावर हात ठेवून "हलतंय, हलतंय" म्हणत होते. रिक्षाच इतकी हादरत होती की काय हलतंय ते मला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात तिला थेट आत नेलं. डॉक्टरीणबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "रक्त खाली आहे ना?" अप्पा बाहीचं बटण सोडायला लागले. मी जिन्यावरून खाली धावले. तिघंही मागून आले, शर्टाच्या बाह्या वर सारतच.

चष्मेवाल्या डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं. "कालचे उपासवाले."

"आज खाऊन आलोय सर," काका म्हणाले. त्यांच्या मिशीला पोह्याचा दाणा चिकटला होता. "घ्या. हवं तितकं घ्या."

"घेतो. पण ते संध्याकाळशिवाय कुणाला देता येणार नाही."

आम्हाला कळेचना. रक्त म्हणजे आमच्या लेखी विहिरीतलं पाणी होतं. इकडून काढायचं, तिकडे ओतायचं. मी भांडायला लागले. माझी बहीण वर मरतेय आणि तुम्ही संध्याकाळच्या गोष्टी काय करता, आमच्या घरचं चांगलं रक्त आहे, त्याला कसली तपासणी, असं बरंच काही मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कावीळ, एड्स, सगळं तपासायचं असतं अम्मा, घर कितीही चांगलं असलं तरी. अडलेल्या माणसाला आत्ता जे रक्त चढतं ते आत्ता दिलेलं नसतं. कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं." हे बोलता बोलता त्यांनी मोठ्या फ्रिजचं दार उघडलं होतं. त्यातून एक पिशवी काढली. "या गटाची एवढी एकच आहे. गेल्या आठवड्यात आनेकलच्या एका कारखान्यात शिबिर झालं, तिथं कुणीतरी दिलेली."

अक्काच्या रक्ताच्या नमुन्याशी जुळवून ती पिशवी वर गेली. डॉक्टर फोनला बसले. एक नंबर, दुसरा नंबर. प्रत्येक वेळी ते "इल्ला?" म्हणायचे, म्हणजे नाही का, आणि पुढचा नंबर फिरवायचे.

अप्पा दिसेनात म्हणून मी बाहेर पाहिलं. ते फाटकापाशी एका माणसाशी बोलत होते. चहाच्या टपरीवर रक्ताचे दलाल तेव्हा बसलेलेच असत. हॉस्पिटलातून रडवेल्या चेहऱ्यानं कुणी बाहेर आलं की ते उठत. त्याच्या बाजूला दुसरा एक जण होता, त्यालाच तो विकायला निघाला होता म्हणा ना. डोळे पिवळट, दंडावर सुयांचे काळे ठिपके, उन्हात उभा असूनही अंग चोरून घेतलेलं. "सिगत्ते सार, सिगत्ते," दलाल सांगत होता, मिळेल, मिळेल. आणि आमचे अप्पा, जे भाजीवाल्याकडची मिरचीसुद्धा निवडून घेत, ते त्या माणसाचा हात धरून त्याला आत आणायला निघाले होते.

मी मधे जाऊन उभी राहिले आणि काय काय बोलले देव जाणे. सगळी टपरी आमच्याकडे बघायला लागली. अप्पा मला म्हणाले, "तुझी अक्का जाईल गं," आणि रस्त्यातच खाली बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा दंड धरून त्यांना उठवायला लागले.

दारातून चष्मेवाले डॉक्टर ओरडत आले. "त्याला सोडा! जो रक्त विकतो तो आजार लपवतो, नाहीतर त्याचं पोट भरत नाही. कंटोन्मेंटच्या बाजूच्या रक्तपेढीत एक पिशवी आहे. नमुना घेऊन कुणीतरी पळा. फ्लास्क आहे का?"

फ्लास्क होता. आत्यानं अक्कासाठी भरून आणलेला, दुधाचा, मोठ्या तोंडाचा. दूध मी तिथंच मोरीत ओतलं, फ्लास्क विसळला, डॉक्टरांनी तो बर्फाचे तुकडे टाकून दिला. अण्णाला सुई लावलेली होती, काका त्याच्यानंतर झोपणार होते, अप्पांना उभं राहवत नव्हतं. मी निघाले.

जाताना रस्ता मोकळा मिळाला. तिथं त्यांनी नमुना जुळवून पाहिला. तेवढा वेळ मी बाकावर बसून चपलेचा अंगठा तोडला. मग पिशवी फ्लास्कात उतरवून बाईंनी झाकण लावलं आणि बजावलं, "हलवू नका, आपटू नका, उन्हात धरू नका."

परतीला मात्र मार्केटपाशी रिक्षा अडकली. पुढे बस, मागे बस, फुलांच्या पाट्या घेतलेल्या बायका मधून वाट काढतायत. फ्लास्क मी पोटाशी धरला होता. मला एकच भीती: झाकण नीट बसलंय ना. आणि त्याच्याही खाली दुसरी, जिच्याकडे मी बघतच नव्हते: आपण पोचू तेव्हा याची गरज असेल ना. "बेगा होगी, बेगा," लवकर चला, लवकर, असं मी रिक्षावाल्याला म्हणत होते. तो म्हणाला, "उडून जाऊ का?" मी त्याच्यावर ओरडले, "हो, उडा!" त्यानं आरशातून माझ्याकडे आणि फ्लास्ककडे पाहिलं. "आत काय आहे?" मी सांगितलं. त्यानं हॉर्नवर हात ठेवला. रिक्षा उलट्या बाजूनं घातली, एका पोलिसाच्या शिव्या खाल्ल्या आणि मला दारात सोडलं.

फ्लास्क एका नर्सनं माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. तो हातातून गेल्यावर मला कळलं की माझी बोटं बधिर झाली आहेत.

मग थांबणं. ऑपरेशनच्या दाराबाहेर आत्या जमिनीवर बसली होती. डोळे मिटलेले, पण जप नव्हता चालला, ओठ बंद होते. मी तिच्याजवळ बसले. मला तिच्यावर फार चिडायचं होतं. मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं. तेवढ्यात तिनंच माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली, आणि म्हणाली, "मीच अडवलं गं. देवीनं नाही अडवलं, मी अडवलं." तिचा हात बर्फासारखा गार होता. तयार केलेलं वाक्य मी गिळलं. आत बाळ रडलं तरी आम्ही दोघी उठलो नाही, कारण बाळ रडलं म्हणजे अक्का आहे असं होत नाही, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं.

गुरुवारच्या ऑपरेशनसाठी पहाटेच निघालेले भावजी, अक्काचे यजमान, दुपारी हुबळीहून पोचले, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगा झाला होता. अक्का होती. "ती दुसरी पिशवी वेळेवर आली," त्या म्हणाल्या, "अजून एक लागेल." संध्याकाळी तिघांच्या पिशव्या तपासून झाल्या आणि अप्पांची तिला चढवली. अप्पा त्या नळीकडे बघत रात्रभर बसले. शुद्धीवर आल्यावर अक्का म्हणाली, "मला थंडी वाजतेय," आणि आम्ही सगळे तिच्यावर पांघरुणं घालायला एकदम धावलो.

दोनतीन दिवसांनी तिच्या गालावर रंग दिसायला लागला, तेव्हा आत्या स्वतः खाली रक्तपेढीत गेली. मला दुभाषी म्हणून नेलं असं ती म्हणाली, पण कन्नड तिचं माझ्यापेक्षा चांगलं. तिनं विचारलं, ते आनेकलचं कुणी दिलं होतं? डॉक्टर म्हणाले, नाव सांगत नाहीत. ती म्हणाली, नाव नको, आता तुमच्या त्या कपाटात काय आहे? ओ निगेटिव्हची जागा रिकामी होती, काका आणि अण्णाच्या पिशव्याही कुणाला तरी लागल्या होत्या. बाकीच्या गटांतही फारसं काही नव्हतं. आत्या त्या रिकाम्या खणाकडे बघत राहिली.

"माझं घ्या," ती म्हणाली.

"तुमचं वय झालंय अज्जी."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मला लगेच घेरी आल्यासारखं वाटलं.

"माझं अक्काच्या काही उपयोगाचं नाही," मी घाईनं म्हटलं. "माझा गट वेगळा आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी असेल."

दिवस तिनंच ठरवला. येता मंगळवार. आईनं तिच्याकडे चमकून पाहिलं, पण आत्यानं परत तेच सांगितलं: गेल्या मंगळवारी अडलं होतं, तर याच मंगळवारी द्यायचं.

त्या मंगळवारी सकाळी मला फोडणीच्या वासानं जाग आली. आमच्या घरात मंगळवारी कढीपत्त्याचा वास! मी स्वयंपाकघरात गेले. आत्या ओट्यापाशी उभी होती, उप्पीट करत होती. मला, काकूला आणि अण्णाच्या बायकोला, रक्त द्यायला निघालेल्या आम्हा तिघींना, तिनं ओळीनं बसवलं आणि हातात झारा घेऊन समोर उभी राहिली. मी घास ताटातच इकडेतिकडे सारत होते. "खा," ती म्हणायची, "अजून खा. पाणी पी." मी म्हटलं, "तू बस ना." तिनं नुसतं पातेलं माझ्याकडे कलतं केलं आणि आणखी वाढलं.

रक्तपेढीत मी डोळे गच्च मिटून पडले होते. सुई जाताना ओरडलेच, त्याची मला लाज नाही वाटली. मी चष्मेवाल्या डॉक्टरांना विचारलं, हे कुणाला जाणार? ते म्हणाले, मला काय माहीत, अजून तो आलेला नाही. छताकडे बघत मी त्या न आलेल्या माणसाच्या नातेवाइकांचा विचार करत राहिले. ते कुठल्या जिन्यावरून धावत येतील, कुणाशी भांडतील. आणि माझे दात वाजायला लागले, जणू मीच परत तिथं उभी होते.

घरी आल्यावर पाहिलं तर उप्पिटाचं पातेलं घासून पालथं घातलेलं. आत्यानं त्यातलं कणभरही घेतलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी दिवा लागला, तिनं हात जोडले आणि मग पेला तोंडाला लावला.

"आम्हाला सगळ्यांना खायला घातलंस," मी म्हटलं, "आणि स्वतः कुणासाठी धरलास आजचा?"

तिनं पेला खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"त्या आनेकलवाल्यासाठी," ती म्हणाली. "आणि तुझं ज्याला जाईल त्याच्यासाठी."